रेशनकार्डाचं काम

न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्या दिसल्या मले
पोळ्याच्या आधी.
राख टाकली, फिनाइल टाकलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग,
शाळेतल्या पोट्ट्यायपेक्षा सरळ.

तहानीचं तर इचारूच नका.
रात्री रांजणापाशी तीनदा, न्हाणीत चारदा,
अन् दाराची कडी काढताना
श्वास धरून ठेवायचा,
घरचे उठतील म्हणून.

शाळेत खिचडी चाखाची माही एक वाटी हाय.
तिच्यात मी आता पाणीच पेत होती.
मीठ कमी का जास्त, जीभ सांगेना.
डंभारे सर म्हणाले, पंचफुलाबाई,
आज वरण खारट कसं?
म्हटलं, डाळीचं पोतं नवं हाय.

डाळीचा काय दोष.

टाचेले पत्रा लागला होता चुलीपाशी,
बोटभर.
तीन बाजार झाले, भरून येत नव्हता.
माहा भाऊ शालिक,
त्याचंही आंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.
पुढचं नाही सांगत.

बुधवारी शाळेची चूल रुख्माले देली
अन् घरी सांगतलं,
रेशनकार्डाचं काम हाय, तहसीलले जातो.
पिशवीत जुनं कार्डही टाकलं.
खोट्याले थोडं वजन पाहिजे.

शिवणीच्या दवाखान्यात
मेश्राम सिस्टरनं इचारलं, सोबत कोण हाय?
म्हटलं, पिशवी.
ते हासली नाही.
कधीपासून?
पोळ्यापासून.
दिवाळी होऊन गेली बाई, इतके दिवस काय करत होत्या?
खिचडी.

बोटाले सुई टोचली.
एवढासा थेंब,
पट्टीनं तो झटकन पिऊन टाकला,
तिलेही तहान लागली असन.
मंग डबीवर आकडा आला.
अक्षर मले धड लागत नाही, पण आकडा लागते,
रोज फळ्यावरची हजेरी पाहूनच
तांदूळ मोजतो मी:
एकशेबारा पोट्टे, अकरा किलो दोनशे.
इथं तीनशेअठरा.
इतके पोट्टे कोणत्या शाळेत असतात?
कोणाचा तांदूळ शिजून रायला
माह्या रगतात?

डॉक्टरीण माह्या सुनेच्या वयाची.
खाली बसली, अन् माही टाच
दोन्ही हातांत घेतली.
चाळीस वर्षांच्या संसारात
माही टाच कोणी हातात घेतली नव्हती.
मले रडू आलं ते त्याचं,
तिले वाटलं साखरेचं.
म्हणे, मावशी, भ्यायचं नाही, पण आता टाळायचंही नाही.
उद्या उपाशीपोटी या. चहा नाही, बिस्कुट नाही.
पाणी चालते.

पाणी चालते,
हे तिनं मले सांगावं!

दिवे लागता लागता घरी आली.
उकंडराव बाजीवर, तंबाखू मळत.
झालं काम?
अर्धं झालं. उद्या पुन्हा बलावलं,
उपाशीपोटी.

तोंडातून निघूनच गेलं.

त्यायचा आंगठा तळहातावर तसाच थांबला.
रेशनकार्डाले
उपाशी काहून जा लागते?

मी चुलीतलं लाकूड मांगं घेतलं,
पुन्हा पुढं सारलं.
भाकर एका बाजूनं करपली.
पिशवीतून केसपेपर काढून
बाजीवर ठेवला, त्यायच्या मांडीजवळ.
त्यायनं तो उचलला नाही.
लय वेळ न्हाणीकडं पाहत रायले.
मंग म्हणे,
मुंग्या म्याही पाह्यल्या होत्या.
मले वाटलं,
माह्याच हायेत.

अन् तंबाखू फेकली नाही काही,
दाढेखाली धरली,
चप्पल शोधली अंधारात.
म्हणे, इस्माइलले सांगून येतो,
सहाच्या ऑटोत
दोन जागा ठेव म्हणून.